बारावीचे विनामूल्य पाठ आणि ‘फुकट’ हा शब्द

दहावीचा निकाल लागून अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की दरवर्षी ज्या एका प्रश्नाशी माझी हटकून गाठ पडते तो असा: “सर, फुकटच्या व्हिडिओंवर का कुठे बारावी होते?” हा प्रश्न विचारणारे पालक अविचारी नसतात. भविष्यनिर्वाह निधीतून उचल करून, प्रसंगी अंगावरचा दागिना गहाण ठेवून मुलांच्या शिकवणीची फी भरणारी ती कष्टाळू माणसे असतात. आणि म्हणूनच, ज्या समजुतीपायी ती एवढा बोजा डोक्यावर घेतात ती समजूतच निराधार आहे हे त्यांना सांगताना मला जितका त्यांचा कळवळा येतो, तितकाच ती समजूत त्यांच्या मनात वर्षानुवर्षे पेरणाऱ्यांचा संताप येतो.

जे विनामूल्य मिळते ते निकृष्ट असते, ही ती समजूत. कापडाच्या दुकानात हा नियम बहुतांशी खरा ठरतो, कारण तेथे प्रत्येक लुगड्याला नवे सूत आणि नवी मजुरी लागते. चित्रित पाठाचा मामला मुळातच निराळा आहे. एखाद्या जाणत्या प्राध्यापकाने फळ्यासमोर उभे राहून विद्युत्चुंबकीय प्रवर्तन एकदा नीट समजावून सांगितले आणि ते चित्रित झाले, की पहिल्या विद्यार्थ्यापर्यंत ते पोचवताना झालेला खर्च लाखाव्या विद्यार्थ्यासाठी पुन्हा करावा लागत नाही. त्यामुळे पाठाच्या किमतीवरून त्याचा दर्जा कळत नाही. तो चित्रित करण्याचा खर्च कोणी सोसला, याचा मात्र अंदाज येतो, आणि पालकांनी विचारायला हवा तो प्रश्न नेमका हाच आहे.

पुष्कळशा चांगल्या पाठांचा खर्च सरकारी खजिन्याने सोसलेला आहे. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या अनुदानावर २००३ साली ‘एनपीटेल’ ही योजना हाती घेतली आणि ज्या वर्गांत पाऊल ठेवण्यासाठी मुले जिवाचे रान करतात त्या वर्गांतली व्याख्याने कोणालाही घरबसल्या पाहण्याची मुभा मिळाली. ते पाठ महाविद्यालयीन इयत्तांचे होते हे खरे. परंतु ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ आणि ‘स्वयम् प्रभा’ या दोन उपक्रमांचे उद्घाटन झाले, आणि त्यांत नववी ते बारावीची तरतूद स्वतंत्रपणे केलेली आहे. ‘स्वयम्’वरील शालेय अभ्यासक्रम एनसीईआरटी आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था तयार करतात, तर ‘स्वयम् प्रभा’वरील ‘आयआयटी-पाल’ ही मालिका अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्राला वाहिलेली आहे. पुढे २०२३ मध्ये शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांनी प्रवेशपरीक्षांसाठी ‘साथी’ सुरू केले. या साऱ्याला ‘फुकट’ म्हणणे हीच मुळात चूक आहे, कारण आपण सर्वांनी कररूपाने त्याची किंमत आगाऊ चुकती केलेली आहे; आणि ज्या वस्तूचे पैसे भरले ती न उचलता त्याच वस्तूसाठी दुसऱ्या दारी पुन्हा पैसे मोजणाऱ्या सज्जन माणसाला मी काय म्हणावे?

काही पाठ देणग्यांवर उभे राहिले. सलमान खान या अमेरिकेतील तरुणाने २००४ साली दूरगावी राहणाऱ्या आपल्या नात्यातील एका बहिणीला गणित शिकवायला आरंभ केला, २००६ पासून ते पाठ तो यूट्यूबवर ठेवू लागला आणि २००८ मध्ये त्यातून ना-नफा तत्त्वावरील खान अकॅडमी स्थापन झाली. आपल्याकडे अरविंद गुप्तांनी पुण्याच्या ‘आयुका’तील विज्ञानकेंद्रात टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या वैज्ञानिक खेळण्यांचे शेकडो व्हिडिओ मराठीसह अनेक भाषांतून खुले केले, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

तिसरा प्रकार मात्र असा आहे, की त्याविषयी पालकांचा संशय साधार आहे. कित्येक विनामूल्य व्हिडिओ खाजगी शिकवण्यांनी आपल्या फीच्या वर्गांचा नमुना म्हणून सोडलेले असतात. धडा ऐन रंगात आला की “पुढचा भाग आमच्या वर्गात” असे सांगून ते थांबतात, आणि एका धड्यात बोर्डाचा सगळा पेपर आटोपण्याची ग्वाही देणारेही त्यांतच असतात. खातरजमा करायची ती येथे. पण या नमुन्यांवरून सबंध विनामूल्य पाठांची परीक्षा करणे म्हणजे फेरीवाल्याच्या पाटीवरून बागेतल्या आंब्याची परीक्षा करण्यासारखे आहे.

गेल्या वर्षी माझ्या शेजारची एक मुलगी माझ्या ओसरीवर बसून सरकारी खर्चाने चित्रित झालेला असा एक पाठ पाहत होती. विषय होता वळणावरचा रस्ता बाहेरच्या कडेला उंच का बांधतात हा. मुलीने वहीत लंब प्रतिक्रियाबल म्हणजे वजन गुणिले कोसाइन थीटा असे मांडले होते, कारण उतरणीवरच्या ठोकळ्याच्या गणितात तसेच असते आणि ते तिला पाठ होते. पडद्यावरच्या शिक्षकांनीही प्रथम नेमके तेच चुकीचे समीकरण फळ्यावर लिहिले, क्षणभर थांबले आणि मग विचारले, की या गाडीला त्वरण कोणत्या दिशेने आहे? मुलीने व्हिडिओ थांबवला. तो भाग मागे नेऊन तिने तीनदा पाहिला. मग हळूहळू तिच्या ध्यानात आले, की ठोकळ्याला पृष्ठभागाशी काटकोनात त्वरण नसते, तर वळणावरच्या गाडीला उभ्या दिशेने नसते. सबब येथे प्रतिक्रियाबल गुणिले कोसाइन थीटा म्हणजे वजन, आणि ते प्रतिक्रियाबल वजनाहून कमी नसून अधिक आहे. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात तिला तीनदा “पुन्हा सांगा” म्हणण्याची सोय कोठून मिळाली असती? विद्यार्थ्यांची चूक आधी मांडून मग खोडणारी ही पद्धत अधिक फलदायी ठरते, असे डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठातील २००८ सालच्या आपल्या भौतिकशास्त्र-शिक्षणाच्या प्रबंधात दाखवून दिले आहे. नुसते सुबोध, सरळ विवेचन ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्याला कळले असे वाटे, पण चाचणीत त्यांची प्रगती जेमतेमच दिसे.

मग शिकवणीच्या फीला काहीच अर्थ नाही काय? आहे. तेथे रोजची ठरलेली वेळ असते, बरोबरीची मुले असतात आणि शिक्षक मन लावून काम करणारे असतील तर वही तपासून मिळते. एवढ्यासाठी कोणी पैसे मोजले तर माझी तक्रार नाही. ज्ञान मात्र तेथेच मिळते आणि बाहेर मिळते ते निकस, हा दावा मला मान्य नाही.

इतर समजुतींना इतकी जागा देण्याचे कारण नाही. व्हिडिओ पाहिला म्हणजे अभ्यास झाला, असे पुष्कळ मुलांना वाटते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, परंतु आठवड्यानंतर, मजकूर मिटवून आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे गेले, आणि वाचनाहूनही निष्क्रिय अशा पाहण्याला हे अधिकच लागू आहे. इंटरनेट नसले तर मार्ग खुंटतो हेही खरे नव्हे, कारण ‘स्वयम् प्रभा’च्या वाहिन्या दूरदर्शनच्या मोफत डिशवर दरमहा शुल्क न देता दिसतात. इंग्रजीवाचून वैद्यकीय प्रवेश नाही, ही भीती २०१७ पासून ‘नीट’ मराठीतून देता येत असल्यामुळे निराधार झाली आहे. एनसीईआरटीचे पाठ राज्य मंडळाच्या मुलांना निरुपयोगी असतात असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की राज्याच्या सीईटीत सुमारे ८० टक्के भार बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या राज्य अभ्यासक्रमावर असला, तरी ओहमचा नियम दोन्हीकडे एकच आहे. धड्यांची यादी मात्र पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावी, कारण राज्याची पुस्तके २०१९ व २०२० मध्ये बदलली.

राहिली प्रयोगशाळा. बारावीच्या भौतिकशास्त्रात ७० गुण लेखी परीक्षेला आणि ३० प्रात्यक्षिकाला आहेत, आणि त्या ३० गुणांना पडद्यावरचा कोणताही पाठ, विनामूल्य असो की लाखाचा, पुरा पडत नाही. व्हर्निअर कॅलिपरचा जबडा मिटवून शून्याच्या रेघा जुळत नाहीत हे पाहणे, ती शून्य त्रुटी वजा करायची की मिळवायची यावर अडखळणे, आणि मग गोळीचा व्यास तीनदा घेऊन तिन्ही वेळा निराळा येणे, हे सगळे माझ्या शेजारच्या त्या मुलीला शेवटी आपल्या हातांनीच करावे लागले.