कानातील मळ : काढावा की राहू द्यावा?

कानातील ‘मळ’ हा शब्दच काहीसा दिशाभूल करणारा आहे. अंगावरील मळ धुऊन काढावा, तसा कानातलाही कोरून काढला पाहिजे, अशी समजूत त्यामुळे घरोघरी रूढ झाली. वस्तुतः हा पदार्थ बहुतांशी शरीरच तयार करते. प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरील एकतृतीयांश भागातील ग्रंथींचा स्राव, त्वचेचे सुटलेले पापुद्रे आणि थोडी धूळ यांचा मळ बनतो. तो स्निग्ध व किंचित आम्लधर्मी असल्यामुळे जंतूंना व बुरशीला आळा बसतो आणि आतील त्वचेत पाणी मुरत नाही.

नलिकेची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने अत्यंत मंद गतीने सरकत असते. चावताना व बोलताना जबडा हलतो, त्याचाही हातभार लागतो. जुना मळ असा आपोआप कानाच्या तोंडाशी येऊन गळून पडतो. कानकोरणे, हेअरपिन, आगकाडी किंवा कापूस गुंडाळलेली काडी आत घातली की हा क्रम उलटतो. थोडा मळ काडीला लागून येतो खरा, आणि काढणाऱ्याला समाधानही वाटते. परंतु उरलेला मळ पडद्याच्या दिशेने ठासला जातो. त्वचेला ओरखडा पडून कान सुजतो, प्रसंगी पडदाही फाटतो. रस्त्याच्या कडेला बसून कान साफ करणाऱ्यांच्या सळईबाबत तर अधिक सांगावयास नको.

मळाचा खडा होऊन नलिका बंद झाली की कानाला दडे बसतात, गुणगुण ऐकू येते, क्वचित चक्कर येते. पुष्कळदा हे डोक्यावरून स्नान केल्यावर एकाएकी घडते, कारण पाण्याने मळ फुगतो. उतारवयात मळ कोरडा होतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांत त्याची बाहेर पडण्याची वाट अडते. आजोबांचा बहिरेपणा वयोमानाचा समजला जातो, आणि वर्गातील मूल लक्ष देत नाही म्हणून बोलणी खाते. कारण मात्र कधी कधी एवढेसे असते, आणि दूर होण्याजोगे असते.

त्रास नसल्यास काहीही करू नये. स्नानानंतर बाहेरचा कान रुमालाने पुसणे पुरेसे आहे. दडे बसल्यास स्वच्छ ऑलिव्ह तेलाचे किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सोडा बायकार्बोनेटच्या थेंबांचे दोन-तीन थेंब, दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस घालावेत. कुशीवर निजून वरच्या कानात थेंब सोडावेत व पाच मिनिटे तसेच राहावे. थेंब तापवू नयेत. बाटली तळहातात धरून कोमट केली तरी पुरते. प्रारंभी दडे थोडे वाढल्यासारखे वाटते, त्याने घाबरू नये. पेटत्या मेणनळीचे उपचार निरुपयोगी तर आहेतच, शिवाय भाजण्याचा धोका आहे.

कान दुखत असेल, वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा पूर्वी कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर थेंब घालू नयेत. मधुमेही व्यक्तींनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. तान्ह्या बाळाच्या कानात न्हाऊ घालताना तेल ओतण्याची प्रथाही सोडून द्यावी.

थेंबांनी गुण न आल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. तेथे कान तपासून चिमट्याने, शोषण यंत्राने किंवा पिचकारीने मळ काढतात. पिचकारीचे पाणी शरीराच्या तापमानाइतके कोमट ठेवावे लागते. ते फार गार वा गरम झाल्यास रुग्णाला भोवळ येते, आणि म्हणूनच हा प्रयोग घरी करू नये.