टर्बो घ्यावी की साधी?

घनसावंगीच्या आमच्या शिक्षकखोलीत मागच्या उन्हाळ्यात एक वाद बरेच दिवस रंगला. गणिताच्या सरांना जुनी मोटार घ्यायची होती. अंबडमार्गे जालन्याला वरचेवर जावे लागते, आणि भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे हाताशी होते. त्यांच्या मुलाने दोन गाड्या हेरून ठेवल्या. दोन्ही फियाट लिनिया, दोन्ही पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेल्या, दोन्ही पेट्रोलवर चालणाऱ्या आणि दोन्हींच्या इंजिनाचे आकारमान १३६८ घन सेंटिमीटर. फरक एवढाच, की एक साधी होती आणि दुसरी ‘टी-जेट’ म्हणजे टर्बो. मुलाचा जीव टर्बोवर. ही काही अस्सल स्पोर्ट्‌स कार नव्हे. पण याच इंजिनाचा १४५ अश्वशक्तीचा अवतार २०१५ मध्ये अबार्थ पुंटो या चपळ गाडीत बसवून भारतात आणला गेला होता, हे त्याला तोंडपाठ होते.

सरांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. साध्या इंजिनाची ताकद सुमारे ९० अश्वशक्ती, टर्बोची ११४. टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या दंडाला मिळणारा पीळ, साध्यात ११५ न्यूटन-मीटर तर टर्बोत २०७. जवळजवळ १.८ पट! ‘भांडे तेवढेच, मग माल जास्त कसा मावला? हे गणित सुटल्याशिवाय मी पैसे देणार नाही,’ असे म्हणून ते आमच्याकडे वळले.

इंजिन पेट्रोलवर चालते हे अर्धेच खरे आहे. ते हवेवरही चालते, आणि हवाच जास्त लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान साधारण ७४० ग्रॅम धरले, तर त्याला जवळजवळ ११ किलो, म्हणजे सुमारे ९००० लिटर हवा हवी. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि एक मीटर खोल हौदभर हवा, ती एका लिटरला! पेट्रोल जास्त सोडणे सोपे आहे. त्याच्या जोडीची हवा आत कशी कोंबायची, हा खरा प्रश्न.

साध्या इंजिनात दट्ट्या खाली सरकतो आणि बाहेरची हवा आपल्या दाबाने आत शिरते. वातावरणाच्या दाबाच्या वर तिची फारशी मजल जात नाही. दुसरीकडे, पेट्रोल जळून निघालेल्या ऊर्जेचा जवळपास एक-तृतीयांश भाग तप्त धुराबरोबर वाया जातो. या धुराने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, ही टर्बोची कल्पना. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन सुमारे ४३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर नेऊन दाखवले, की विरळ हवेत गेलेली ताकद टर्बो परत आणू शकतो.

इथवर मुलगा खुशीत होता. पण हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचे खालचे टोक हवा भरल्यावर हाताला गरम लागते, ते वर्गात कुणालाही दाखवता येईल. मे महिन्यातली आपल्याकडची ४२ अंश सेल्सिअसची हवा घ्या आणि तिचा दाब १.८ पट केला असे धरा. उष्णता बाहेर जाऊ दिली नाही तर ती आदर्श गणितानेच सुमारे १०० अंशांवर जाते. प्रत्यक्षात त्याच्याही वर. आणि तापलेली हवा पसरते. म्हणून दाब १.८ पट झाला तरी घनता दीडपटच वाढते. सरांनी हे उदाहरण स्वतः कागदावर सोडवले आणि मगच पुढे बोलू दिले. हा तोटा भरून काढायला इंटरकूलर बसवतात; तो हवेचा रेडिएटरच. तरीही कडक उन्हात टर्बो पेट्रोल इंजिनात ठिणगी पडण्याआधीच किंवा भलत्याच ठिकाणी मिश्रण पेटून ठोके येण्याचा धोका अधिक. आधुनिक गाडीतला संगणक तो ओळखून ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण ताकद थोडी उतरते.

दुसरी गोष्ट रस्त्यावरची. ऊसतोडीच्या हंगामात तीर्थपुरीच्या कारखान्याकडे निघालेल्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे आपण सगळेच अडकतो. समोर जागा दिसली, ॲक्सिलरेटर दाबला, तर साधी गाडी लगेच उत्तर देते, जेवढी तिची ऐपत तेवढे. टर्बोत आधी धूर वाढायचा, मग चक्र वेग घेणार, मग हवा येणार. इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या खाली असतील, तर मधला क्षण रिकामा जातो आणि नंतर एकदम धक्का बसतो. गिअर एकने उतरवून ठेवण्याची सवय असेल तर हीच गाडी ओव्हरटेक करायला साधीपेक्षा पुष्कळ सुरक्षित. सवय नसेल तर घाबरवणारी.

मात्र जुनी गाडी घेताना खरी मेख तेलात आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, तोही एका टोकाला तापून लाल होणारे चक्र घेऊन, आणि तो तरंगतो तेलाच्या एका पातळ थरावर. जोरात गाडी हाणून आल्या आल्या किल्ली फिरवली, की तेलाचा प्रवाह थांबतो. आत उरलेले तेल तापून त्याचा कोळसा धरतो आणि तेलाच्या बारीक वाटा तुंबतात. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोत हे कमी घडते, पण टळत नाही. एक मिनिट इंजिन तसेच चालू ठेवून मग बंद करणे एवढाच उपाय. तेल वेळेवर बदलणे आलेच. हवेचा फिल्टर तर आपल्या कापसाच्या नि काळ्या मातीच्या धुळीत दुप्पट सांभाळायला हवा, कारण आत शिरलेली धूळ त्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या कडा खाते. साधे इंजिन असा हलगर्जीपणा बराच काळ पोटात घालते. थोडक्यात, जुनी टर्बो घेणारा आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेतो.

आम्ही सरांबरोबर टर्बो पाहायला गेलो. गार इंजिन सुरू करून पाहिले; निळसर धूर नव्हता, हे चांगले. मिस्त्रीने हवेचा नळ काढून चक्राचा दांडा बोटांनी हलवला. अगदी किंचित आडवी हालचाल चालते. मागे-पुढे खडखड लागता कामा नये. इथे ती लागली. तेल केव्हा बदलले याची एकही पावती मालकाला दाखवता आली नाही. शिवाय २०२० पर्यंत फियाटच्या गाड्यांची भारतातली विक्री थांबली होती, तेव्हा टर्बोचा सुटा भाग शोधत फिरावे लागले असते. (साध्या लिनियालाही ही अडचण आहेच, पण निदान टर्बोची भर नाही.)

सरांनी साधी घेतली. त्या पैशांत धाकटीच्या प्रवेशाची फी देखील होती, हे त्यांनी आम्हाला परतताना सांगितले. मुलगा आठवडाभर बोलला नाही. पण दाबलेल्या हवेचे ते उदाहरण सरांनी यंदा नववीला फळ्यावर घातले, तेव्हा सायकलचा पंप घरून त्यानेच आणून दिला.