संगणक गोठतो तेव्हा… बटण दाबण्यापूर्वी काय पाहाल?

नांदेड/लातूर : एप्रिल-मे महिन्यांत नांदेडचा पारा चाळिशीच्या पुढे सरकतो आणि नेमक्या याच दिवसांत नांदेड व लातूरच्या केंद्रांवर अभियांत्रिकी प्रवेशाच्या परीक्षा सुरू असतात. जेईई मेन आणि राज्याची सीईटी या दोन्ही परीक्षा २०१९ पासून संगणकावर द्याव्या लागतात. अशा वेळी पडद्यावरील चित्र थिजले आणि माऊस हलेनासा झाला, तर 'लातूर पॅटर्न'च्या शहरात एकेका गुणासाठी वर्षभर राबलेल्या विद्यार्थ्याची काय अवस्था होत असेल, हे सांगावयास नको. त्याला दुसऱ्या संगणकावर बसविता येते. परंतु गोठलेल्या यंत्राचे काय? सर्वत्र उपाय एकच योजला जातो : बटण दाबून ठेवायचे आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. दोष शोधण्यासाठी लागणारा सर्वांत मोलाचा पुरावा त्याच क्षणी नाहीसा होतो.

२००१ मध्ये सुरू झालेल्या 'एमएस-सीआयटी'च्या निमित्ताने मराठवाड्यातील तालुक्यांपर्यंत संगणक पोहोचला, तेव्हा त्यात सहसा एकच प्रोसेसर असे. २००५-०६ नंतर दोन, पुढे चार, आठ गाभे असलेले प्रोसेसर घरोघरी आले. अनेक प्रोसेसर एकत्र राबविण्याची ही विद्या महाराष्ट्राला नवी नव्हती. पुण्याच्या 'सी-डॅक'ने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक याच तत्त्वावर उभारला होता. मात्र गाभे वाढले, तसे गोठण्याचे प्रकारही वाढले.

यामागचे कारण कोणत्याही कचेरीत पाहावयास मिळते. दोन कारकून आहेत, नोंदवही एक आणि शिक्का एक. पहिल्याने नोंदवही घेतली असून तो शिक्क्याची वाट पाहतो. दुसऱ्याच्या हाती शिक्का आहे, तो नोंदवहीसाठी थांबला आहे. दोघेही हातातली वस्तू सोडावयास तयार नाहीत. संगणकशास्त्रात यालाच 'डेडलॉक' म्हणतात. स्मृतीतील एकाच माहितीवर दोन गाभ्यांनी एकाच वेळी हात घालू नये, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम त्या माहितीला कुलूप लावते. कुलपांचा क्रम एखाद्या ड्रायव्हरने चुकविला, की कामकाज ठप्प! काही कुलपांपाशी तर गाभा स्वस्थ न बसता 'झाले का, झाले का' असे अखंड विचारीत राहतो. म्हणूनच पडदा स्तब्ध असतानाही कधी कधी पंखा जोरात फिरत असतो.

लिनक्समध्ये १९९६ साली अनेक प्रोसेसरांची सोय आली, तेव्हा सुरक्षिततेसाठी संपूर्ण कर्नलला एकच मोठे कुलूप होते. ते टप्प्याटप्प्याने काढून त्याजागी असंख्य लहान कुलपे बसविण्यात आली. मोठ्या कुलपाचा शेवटचा अवशेष २०११ मध्ये गेला. वेग वाढला, पण चुकीला वावही वाढला. कुलपांचा क्रम तपासणारी 'लॉकडेप' ही यंत्रणा २००६ मध्ये कर्नलमध्ये आणावी लागली, ती याचसाठी.

मग यंत्र गोठल्यावर पाहावे काय? प्रथम कॅप्स लॉकचे बटण दाबावे. दिवा लागत-विझत असेल, तर कर्नल बहुधा जिवंत आहे. दोष एखाद्या प्रोग्रॅमचा वा ग्राफिक्सचा असू शकतो. शेजारच्या संगणकावरून 'पिंग' करून उत्तर येते का, तेही पाहावे. लिनक्सवर ऑल्ट आणि सिस-रिक्वेस्ट या कळांसह 'एल' दाबल्यास चालू गाभे कोणत्या ओळीवर अडकले आहेत याची नोंद मिळते. ही सोय आधीच सुरू करून ठेवावी लागते. एखाद्या गाभ्याने सुमारे २० सेकंद इतर कामांना वावच दिला नाही, तर कर्नल 'सॉफ्ट लॉकअप'ची नोंद करतो. येथे एक सावधगिरी हवी : नोंदीत ज्या गाभ्याचे नाव येते, तो पुष्कळदा केवळ ताटकळणारा असतो. कुलूप कोणाच्या हाती आहे, ते इतर गाभ्यांच्या नोंदींत शोधावे लागते.

विंडोजमध्ये 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' अशी निळी पाटी आली, तर एखादा गाभा ठरलेल्या वेळेत प्रतिसाद देत नव्हता, एवढे निश्चित कळते. याउलट इव्हेंट व्ह्यूअरमधील 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून अनेक जण थेट पॉवर सप्लाय बदलून मोकळे होतात. ती नोंद इतकेच सांगते, की यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. आपणच बटण दाबले असेल, तरीही ती उमटते!

एकच गाभा चालू ठेवून यंत्र काही दिवस वापरून पाहणे, ही जुनी आणि उपयुक्त चाचणी. गोठणे थांबले, तर कुलपांवर संशय बळावतो. सिद्ध मात्र होत नाही. कारण एका गाभ्यावर उष्णता आणि विजेचा भारही कमी होतो. म्हणून डाळ मिलच्या शेजारी असो वा बाजारपेठेत, आधी पंख्यातील धूळ काढावी, तापमान नोंदवावे आणि 'मेमटेस्ट'ने मेमरी रात्रभर तपासावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

काही वेळा दोष प्रोसेसरच्या वीजपुरवठ्यात असतो. २०१७ मध्ये आलेले काही रायझन संगणक काम करताना नव्हे, तर रिकामे असताना गोठत. बायोसमध्ये 'टिपिकल करंट आयडल' हा पर्याय निवडल्यावर अनेकांची तक्रार मिटली. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. त्यावर कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला. तो बायोस अद्ययावत केल्यावर पुढील हानी टाळण्यास मदत होते. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र त्याने बरा होत नाही. अशा प्रोसेसरांची हमी इंटेलने दोन वर्षांनी वाढविली आहे. प्रयोगशाळेसाठी त्या पिढीची यंत्रे घेतलेल्यांनी खरेदीची पावती शोधून ठेवलेली बरी.