फोटोखालचा आकडा कोणासाठी?

आमच्या शेजारच्या खोलीतील मुलगी नववीत शिकते. मागच्या महिन्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने लेझीम पथकाच्या पुढे उभे राहून खेळ केला. आईने हप्त्यावर घेतलेला मोबाईल, त्यावर तिने आपला फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि रात्री जेवताना ताट बाजूला सारून दर पाच मिनिटांनी बघत बसली. दहा वाजेपर्यंत अकरा लाईक आले. वर्गातल्या दुसऱ्या मुलीला दोनशेच्या वर गेले होते. हिने फोटो काढून टाकला. आई म्हणाली, "अगं, चांगला होता की!" तर उत्तर आले, "अकराच जणांना आवडला. लाज वाटते गं आई." दुसऱ्या दिवसापासून जिवाभावाच्या मैत्रिणीशी बोलणे बंद, कारण तिने लाईक दिला नाही. त्या मैत्रिणीच्या घरच्या मोबाईलचे रिचार्ज संपले होते, ही गोष्ट हिच्या ध्यानीमनीही नाही.

पालकांनी हे पोरखेळ म्हणून सोडून देऊ नये. चौदा वर्षांच्या पोरीच्या दृष्टीने तो आकडा म्हणजे परीक्षेचा निकालच असतो, आणि तो साऱ्या वर्गासमोर लागतो.

तेव्हा हा आकडा कोण मोजतो आणि कशासाठी, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. लाईकचे बटण फेसबुकने फेब्रुवारी २००९ मध्ये आणले. इन्स्टाग्राम ही फेसबुकनेच २०१२ साली विकत घेतली. या कंपनीचे आजचे नाव मेटा. आपण या मंडळींना पैसे देत नाही, मग त्यांचे पोट कशावर चालते? जाहिरातीवर. माणूस जितका वेळ पडद्याला चिकटून राहील तितक्या जाहिराती त्याला दाखविता येतात. म्हणून तो काय बघतो, कुठे थांबतो, कशावर बोट दाबतो, याची नोंद यंत्र ठेवते आणि त्यावरून पुढे काय दाखवायचे ते ठरविते. यूट्यूबनेही २०१२ मध्ये, किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला, याला अधिक महत्त्व देण्यास सुरुवात केली. गिरणीत हजेरीबुक असे, ते मालकाच्या हिशेबासाठी. मजुराची योग्यता त्यावरून कधी ठरली नाही. हा आकडाही तसलाच. फरक इतकाच, की इथे पोरांना आपण कामावर आहोत हेच ठाऊक नाही.

या हिशेबाने माणसांचे वागणे कसे बदलते, याचा दाखला कंपनीच्याच कागदपत्रांत सापडला. फ्रान्सिस हॉगन या फेसबुकमधील माजी कर्मचारी बाईंनी २०२१ साली ती कागदपत्रे बाहेर आणली. त्यांतून कळले ते असे: २०१७ पासून यंत्राच्या हिशेबात साध्या लाईकला एक गुण, तर हसऱ्या, रडक्या, रागावलेल्या चेहऱ्यांना पाच-पाच गुण दिले जात. ज्याला गुण जास्त, तो मजकूर अधिक लोकांपुढे जाई. म्हणजे रागाचा एक चेहरा साध्या लाईकच्या पाचपट मोलाचा! रागाचे चेहरे ज्या मजकुराखाली जास्त, त्यात खोटी व विखारी माहितीही जास्त, हे कंपनीच्याच अभ्यासकांनी दाखवून दिले. तरी रागाचे गुण शून्यावर यायला २०२० चा सप्टेंबर उजाडला. आपल्या वस्तीत शिष्यवृत्तीच्या अर्जाची माहिती टाकली तर चार लोक बघतात, आणि नळावरच्या भांडणाचा व्हिडिओ रातोरात तालुकाभर फिरतो. यात दोष आपला नाही असे आम्ही म्हणत नाही. पण उतार कोणी करून ठेवला आहे, तेही बघावे.

मुलींच्या बाबतीत ही कागदपत्रे अधिक बोलकी आहेत. आपल्या शरीराबद्दल मनात आधीच सल असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी दर तिघींत एकीचा सल इन्स्टाग्राममुळे वाढतो, असे कंपनीने स्वतःच्याच पाहणीत नोंदवून ठेवले होते.

मग आकडाच झाकला तर? तोही प्रयोग झाला. मे २०१९ मध्ये कॅनडात आणि जुलैपासून ऑस्ट्रेलिया, ब्राझील, जपान वगैरे आणखी सहा देशांत इन्स्टाग्रामने दुसऱ्याच्या फोटोखालची लाईकची संख्या लपविली. आपली स्वतःची संख्या मात्र आपल्याला दिसे. मुलांच्या मनःस्वास्थ्यात त्याने म्हणावा असा फरक पडलेला कंपनीला दिसला नाही. अखेर मे २०२१ मध्ये संख्या लपवायची की नाही हे ज्याच्या त्याच्यावर सोपविले. ती सोय सेटिंगमध्ये आजही आहे. मुलाजवळ बसून ती सुरू करावी, दोन मिनिटांचे काम. पण तेवढ्याने भागेल असे आम्हांला वाटत नाही. आकडा झाकला तरी दुसरीचा झगा, दुसरीचे घर, दुसरीचा गोरा रंग डोळ्यांपुढून जातच असतो.

ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशी खाती ठेवण्यास कायद्यानेच मनाई केली. आपल्याकडे कायद्याची वाट पाहताना एक गोष्ट मात्र घरातच करता येईल. पाळी संपवून आलेला बाप जेवताना स्वतःच मोबाईलवर बोट फिरवीत असेल, तर पोरीला "ठेव तो" म्हणण्याचे तोंड त्याला राहत नाही. (आम्हीही यातून सुटलेले नाही.)

शेजारच्या मुलीला आम्ही परवा विचारले, ते अकरा जण कोण होते? तिला नावे पाठ होती. नागपूरची मामी, शाळेतले लेझीमचे सर, पुण्याला बांधकामावर गेलेला चुलतभाऊ... एकेक नाव सांगताना ती जरा खुलली. मामीने तर खाली चार ओळी लिहिल्या होत्या. फोटोबरोबर त्याही गेल्या, याचे तिला आता वाईट वाटते. मैत्रिणीच्या रिचार्जची गोष्ट आम्ही तेव्हाच तिच्या कानावर घातली. ती काही बोलली नाही. पायांत चपला सरकवल्या आणि मागच्या गल्लीकडे गेली.