पोलीस भरतीत भेदभाव झाला तर दाद कुठे मागायची? ‘तिसऱ्या पर्याया’च्या लढ्याने दाखवलेली वाट

यवतमाळ : पुसद, वणी, दारव्ह्यात पहाटे उठून धावण्याचा सराव करणाऱ्या अनेकांचं लक्ष्य एकच असतं, पोलीस भरती. पण तयारी पूर्ण असूनही अर्जात तुमच्यासाठी रकानाच नसेल तर? २०२२च्या राज्यव्यापी भरतीत तृतीयपंथी उमेदवारांसमोर हाच प्रश्न उभा राहिला.

नेमकं प्रकरण काय?
ऑनलाइन अर्जात लिंगासाठी पुरुष आणि स्त्री असे दोनच पर्याय होते. आर्या पुजारी यांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजेच ‘मॅट’मध्ये दाद मागितली. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी मॅटने तिसरा पर्याय देण्याचे आदेश दिले. धोरणच ठरलेलं नाही, असं सांगत सरकार मुंबई उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबरमध्ये मात्र पर्याय देण्याची तयारी सरकारने दाखवली. २८ फेब्रुवारी २०२३पर्यंत नियम करा, असं न्यायालयाने सांगितलं.

नियम कशासाठी?
मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर धावावं लागतं, महिलांना ८०० मीटर. गोळ्याचं वजन पुरुषांसाठी ७.२६ किलो, महिलांसाठी ४ किलो. तृतीयपंथी उमेदवारांना कोणता निकष लावायचा, हे ठरल्याशिवाय नुसता रकाना वाढवून भागणार नव्हतं.

कायदा काय सांगतो?
- राज्यघटनेचं कलम १६ : सरकारी नोकरीत समान संधी. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नाही.
- ‘नालसा’ निकाल, २०१४ : सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला.
- २०१९चा तृतीयपंथी हक्क संरक्षण कायदा, कलम ९ : भरती आणि बढतीत भेदभावाला मनाई.

मात्र तिसरा पर्याय म्हणजे आरक्षण नव्हे. तो स्पर्धेत उतरण्याचा हक्क आहे.

खात्यात असलेल्यांचं काय?
पोलिसांना संघटना करण्यावर १९६६च्या कायद्याने बंधनं आहेत. त्यामुळे एकट्या शिपायासाठी मॅटचा दरवाजा अधिक महत्त्वाचा ठरतो. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागणाऱ्या बीडच्या पोलीस शिपाई ललित साळवे यांनाही २०१७मध्ये उच्च न्यायालयाने मॅटकडेच जायला सांगितलं होतं. अखेर २०१८मध्ये सरकारने परवानगी दिली.

यवतमाळकरांनी काय करायचं?
१. आधी वरिष्ठांकडे किंवा भरती प्रक्रियेच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्या.
२. जाहिरात, अर्जाचे स्क्रीनशॉट, आदेशाची प्रत जपून ठेवा.
३. यवतमाळसाठी मॅटचं नागपूर खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून साधारण एका वर्षात अर्ज करावा लागतो.
४. मॅटचा निकाल मान्य नसेल तर उच्च न्यायालयात जाता येतं.

भरती सुरू असेल तर वर्षाची वाट पाहू नका. अर्जाची मुदत संपण्याआधी मागितलेली दादच खरी कामाला येते.