कमानीवर रंगवलेलं गाऱ्हाणं

३० नोव्हेंबर १६८० रोजी स्पेनच्या राजाचे नवे प्रतिनिधी, मार्क्विस दे ला लागुना, वाजतगाजत मेक्सिको सिटीत दाखल झाले. स्वागताला लाकडाच्या आणि रंगवलेल्या कापडाच्या दोन भव्य कमानी होत्या. कॅथेड्रलपुढची कमान रचली होती मठाबाहेर पाऊल न टाकणाऱ्या कवयित्री-नन सोर हुआना इनेस दे ला क्रूझ यांनी. सांतो दोमिंगो चौकातली, विद्वान कार्लोस दे सिग्वेन्सा इ गोंगोरा यांनी.

कमानीचं काम कवींकडे कसं? रोमन कवी होरेसच्या आधाराने तेव्हाचं साहित्यशास्त्र काव्य आणि चित्र यांना सख्ख्या बहिणी मानायचं. बोधवाक्य, चित्र आणि छोटी कविता यांचा मेळ घालणारा इटालियन विद्वान आल्चातोचा संग्रह १५३१ साली आउग्सबुर्गला निघाला. १५७७ मध्ये तो मेक्सिकोतच छापला गेला. कमानींवरही हाच मेळ साधायचा असे. रूपकातून बोलायचं, स्तुती करता करता राज्यकर्त्याला कर्तव्य सांगायचं, ही त्या शास्त्राची शिकवण.

सोर हुआनांनी पाहुण्यांना सागरदेव नेपच्यून ठरवलं. ‘लागुना’ म्हणजे तळं, आणि शहरही तळ्यातच वसलेलं. पण हेतू निव्वळ कौतुकाचा नव्हता. १६२९ च्या पुराचं पाणी शहरात सुमारे पाच वर्षं साचून होतं. म्हणून कमानीवरच्या एका चित्रात बुडालेलं नगर आणि त्याला वाचवणारा नेपच्यून! दुसऱ्यात त्याने बांधलेला ट्रॉयचा तट, आणि सोबत शहरातलं अर्धवट कॅथेड्रल. थोडक्यात, पाण्याचा निचरा करा आणि बांधकाम पुरं करा.

सिग्वेन्सांनी चौकट युरोपीयच ठेवली, आदर्श मात्र या मातीतले घेतले. मेशिका (अॅझ्टेक) लोकांचं दैवत हुइत्सिलोपोच्त्ली आणि त्यांचे अकरा राजे, प्रत्येकाच्या नावे एक राजगुण. त्यांतला शेवटचा क्वाउतेमोक. त्याला १५२५ मध्ये स्पॅनिश विजेत्या कोर्तेसने फासावर चढवलं होतं. आता स्पेनच्याच अधिकाऱ्याने त्याचा धडा गिरवायचा होता. अर्थात हा मान पूर्वजांपुरताच. मेक्सिको सिटीतल्या १६९२ च्या दंगलीनंतर याच सिग्वेन्सांनी हयात आदिवासींबद्दल अत्यंत तुच्छतेने लिहिलं.

वसाहतीतली कला म्हणजे युरोपची नक्कल, हा समज या दोन कमानी खोडून काढतात. शास्त्र आयात केलेलं होतं. गाऱ्हाणी आणि अभिमान इथलेच होते.

कमानी उतरवल्या गेल्या. त्यांची छापील वर्णनं तेवढी उरली. कॅथेड्रल पूर्ण व्हायला १८१३ साल उजाडलं, आणि पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या कालव्याचं उद्घाटन थेट १९०० मध्ये झालं.