पदरमोडीची पहिली तबकडी

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची कावड यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ढोलांचा नाद कानांनी नव्हे तर छातीने ऐकावा लागतो, हे सांगावयास नको. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे येणाऱ्या त्या मिरवणुकीत कोणी आलापी शोधू लागला तर तो निराश होईल. परंतु तो नाद अर्थशून्य आहे असे म्हणण्याचे धाडस वऱ्हाडात तरी कोणी करणार नाही. हे स्मरण आरंभीच देण्याचे कारण असे की, ज्या संगीताविषयी आम्ही येथे चार शब्द सांगणार आहोत, त्याचे नावच मुळी ‘हेवी मेटल’, म्हणजे ‘जड धातू’ असे आहे, आणि ‘हा निव्वळ गोंगाट’ हा शेरा त्यावर बहुधा ऐकण्यापूर्वीच मारला जातो.

विषय आहे एका पहिल्या तबकडीचा. सन 2000 मध्ये मुंबईत ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ नावाचा वाद्यमेळ उभा राहिला आणि त्याच वर्षी त्याने ‘डेमनस्टीलर’ ही आपली पहिली तबकडी काढली. साहिल मखिजा हा त्याचा गायक, गिटारवादक आणि प्रवर्तक. कोणत्याही कंपनीने ही तबकडी काढली नाही. मंडळींनी ती स्वतःच काढली. ही गोष्ट दिसते तितकी लहान नाही. मात्र ती नीट कळावयाची तर हा ‘जडपणा’ म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे.

विजेच्या गिटारीची तार मुळात फारच क्षीण वाजते. तिचा आवाज ध्वनिवर्धक यंत्रातून मोठा केला जातो. यंत्राला त्याच्या शक्तीबाहेर आवाज दिला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर जन्मास येतात. रेडिओ-दुरुस्ती करणारा याला बिघाड म्हणेल. पण तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण जवारी लावतो, तेव्हा तरी दुसरे काय करतो? तार मोकळेपणाने कंप पावू न देता तिला घोडीवर किंचित घासू देतो, आणि त्या घासण्यातूनच तो भरदार, गुंजणारा नाद उमटतो. रीत वेगळी, परिणाम पुष्कळ अधिक उग्र. पण सूर उपस्वरांनी भरून काढण्याची हौस तीच.

आणखी एक गंमत आहे. या संगीतातील गिटारवादक पुष्कळदा षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर एकत्र छेडतो, गंधार गाळतो. कारण कापलेल्या लहरींत गंधार मिसळला की स्वर गढूळ होतो. षड्ज-पंचम मात्र स्वच्छ राहतात. त्यांच्या कंपसंख्यांचे प्रमाण दोनास तीन. यंत्र या दोहोंची वजाबाकी करून एक तिसराच स्वर देते, आणि तो येतो बरोबर मूळ षड्जाच्या एक सप्तक खाली. म्हणजे दोन तारा छेडल्या असता न छेडलेला खर्ज आपोआप ऐकू येतो. जडपणाचे एक मोठे रहस्य हेच. तंबोऱ्याच्या पंचम-षड्जावर ज्यांचे कान पोसले आहेत, त्यांनी या संगीताला अगदीच परके मानावे असे आम्हास वाटत नाही.

या संप्रदायाचा आरंभ इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरी झाला असे सामान्यतः मानतात. तेथील ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यमेळाची पहिली तबकडी 1970 च्या फेब्रुवारीत निघाली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली होती. त्याने प्लॅस्टिकची टोपणे बनवून बोटांवर चढविली आणि पुढे तारा सैल करून वाजवू लागला. तारा सैल झाल्या तसा स्वरही उतरला. गिरणीतल्या अपघाताचा असा वारसा लाभलेले संगीत आम्हास तरी दुसरे ठाऊक नाही.

आता तबकडीकडे वळू. आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ 1902 साली कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गने गोहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे, आणि तेथील कारागिरांना कोणाचे गाणे हे कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःच आपले नाव उच्चारी. नाव तिचे, गळा तिचा; साचा मात्र कंपनीचा. शिवाय तबकडीच्या एका बाजूस वेळ मिळे तीनेक मिनिटांचा. तासाभराचा ख्याल तेवढ्यात बसविताना थोरथोर गवयांना काय काय गाळावे लागले असेल, याची कल्पना रसिकांनीच करावी. 1935 च्या सुमारास मुंबईत ‘यंग इंडिया’ या शिक्क्याची देशी कंपनी निघाली, नवोदितांना त्यामुळे थोडे दार उघडले; तरी दार उघडणारा हात कंपनीचाच राहिला.

पाश्चात्य वळणाच्या तरुण वाद्यमेळांची स्थिती याहून बिकट होती. मुंबईत गुण कमी होता असे नव्हे. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे यांनी 1974 साली ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या संगीतिकेत ज्यूडासची भूमिका गाजविली, आणि चार वर्षांनी पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मधून तेच स्वर मराठी रंगभूमीवर आणले. 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ नावाचा मेळा मुंबईत भरू लागला. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली तरुणांचे थवे जमत. (पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमापायी रंगभवनाचा आवाज बंद झाला. इस्पितळे आणि विद्यालये शेजारी असताना नियम चुकीचा म्हणवत नाही. पण शहराने पर्यायी जागाही दिली नाही, हे काही शोभले नाही.) 1988 साली ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या मेळाची पहिली तबकडी सीबीएस कंपनीने काढली, ती मोठीच घटना ठरली. पण कंपनीने काढलेली म्हणूनच ती अपवाद होती. सिनेसंगीताने भरलेल्या बाजारात, इंग्रजीत आणि तेही गुरगुरत गाणाऱ्यांवर पैसा घालण्यास कोण व्यापारी धजणार?

‘डेमनस्टीलर’चे महत्त्व येथे आहे. मखिजाने कंपनीचे दार ठोठावीत आयुष्य काढले नाही. ‘डेमनस्टीलर’ हे त्याने स्वतःस घेतलेले नाव. तेच पहिल्या तबकडीला दिले, आणि त्याच नावाचा छाप पुढे काढला. त्या छापावर इतर मंडळींच्या तबकड्याही निघाल्या. गोहरजानला तबकडीच्या शेवटी आपले नाव सांगावे लागे. येथे नाव, गळा आणि साचा ही तिन्ही एकाच्याच हाती आली.

याचा अर्थ ती तबकडी थोर आहे असा नव्हे. 2005 सालच्या ‘अ डार्कनेस डिसेंड्स’शेजारी ठेवली तर ती कच्ची वाटते, आणि राक्षस-पिशाच्चांचा सोस आम्हास थोडा पोरकट वाटतो. पदरमोड करून काढलेल्या वस्तूला ‘हे गाळा’ म्हणणारा कोणी नसतो; हा तिचा लाभ आणि हाच तिचा तोटा. मात्र तिच्यातील कच्चेपणा तिचा स्वतःचा आहे. व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून आलेला नाही.

हा लाभ-तोटा टोकाला गेलेला पाहावयाचा तर जपानकडे वळावे. आमच्या अमरावती जिल्ह्याचे जपानशी नाते जुने आहे. खंजिरीच्या साथीने भजने गाणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1955 साली विश्वधर्म परिषदेसाठी तेथे गेले होते. त्याच जपानातील ‘बोरिस’ या मेळाने 1996 साली ‘ॲब्सोल्युटेगो’ ही पहिली तबकडी स्वतःच्याच छापावर काढली. तिच्यात गीत एकच, आणि ते सुमारे एक तासाचे! जुन्या तबकडीची बाजू तीन मिनिटांत संपे, लाँगप्लेची वीस-पंचवीस मिनिटांत. 1982 साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर मात्र सत्तरावर मिनिटे अखंड मावत, आणि या मंडळींनी ती सवलत एकाच गीतासाठी वापरली. सभागृहात माइक शिट्टी मारतो तेव्हा आपण कानांवर हात ठेवतो. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये परततो आणि फिरून वाढतो, एवढेच त्याचे कारण. गिटारीच्या तारेलाही हाच नियम लागू आहे, आणि ही मंडळी त्या परतणाऱ्या आवाजालाच वाद्य बनवितात. कोणती कंपनी नवख्यांना असे करू देईल? तो तास पुरा करताना आमचे लक्ष दोनदा घड्याळाकडे गेले. तरीही तो तास तीन मिनिटांचा करावा, असे आम्ही म्हणणार नाही.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतही गिटार घेऊन स्वतःची गाणी रचणारी मुले आहेत. घरी त्यांना ‘मुंबईस जा, कोणी कंपनी मिळते का बघ’ असा उपदेश केला जातो. त्यांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना पुढील हकीकत ठाऊक असावी. डेमॉनिक रेझरेक्शनला परदेशी कंपनी मिळाली, ती पहिल्या तबकडीनंतर दहा वर्षांनी. 2010 साली ‘द रिटर्न टू डार्कनेस’ इंग्लंडच्या कँडललाइट कंपनीने परदेशात काढली, त्याच वर्षी मंडळी नॉर्वेच्या उत्सवात वाजवून आली. मधल्या काळात घरच्या छापाचा धंदा चालूच होता. मखिजा स्वयंपाकाचाही षौकी. ‘हेडबँगर्स किचन’ नावाचा त्याचा पाककृतींचा कार्यक्रम इंटरनेटवर पुष्कळ लोकप्रिय झाला आणि गाणे न ऐकणाऱ्या गृहिणींनाही तो माहीत आहे.

2017 साली या मेळाने ‘दशावतार’ काढली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गीते. कोकणातील दशावतारी खेळ पाहिलेल्यांना राक्षसांचे ते ओरडणे फारसे अपरिचित वाटू नये. ज्यांना या संगीताची ओळख करून घ्यावयाची आहे त्यांनी प्रथम हीच ऐकावी, मत्स्यापासून आरंभ करावा, आवाज पहिल्या वेळी बेताचा ठेवावा आणि गायकाकडे दुर्लक्ष करून खालच्या खर्जाकडे कान द्यावा. ‘डेमनस्टीलर’ त्यानंतर ऐकावी.